मदत हवी आहे : जयगडच्या खाडीत वाऱ्याचे दिवस, आणि आईबाबा बोटीवर राहायला येताहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं 32 फुटी शिडाच्या बोटीवर राहतो. सध्या जयगडच्या खाडीत, किल्ल्याच्या आतल्या अंगाला नांगरून आहोत. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आईबाबा, बहीण आणि सात वर्षांची भाची येणार आहेत. बाबा 74 वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार. आईला घाटात एसटी लागते. तरी हट्ट तिचाच आहे, "हॉटेल नको, तुम्ही राहता तिथंच राहायचं." हे ऐकल्यापासून मला फार आनंद झाला आहे, आणि म्हणूनच पहिल्या रात्री तिला भीती वाटू नये असं मनापासून वाटतं.

अडचण वाऱ्याची. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा वारा) असते तेव्हा खाडी अगदी शांत. दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो तो संध्याकाळपर्यंत 15 ते 18 नॉट (ताशी सुमारे 28 ते 33 किमी). त्यातच सुकती (ओहोटी) लागली की हाल. पाण्याच्या ओढीने बोट तोंड आत खाडीकडे करते, वारा पाठून येतो, लाटा मागच्या बाजूला बुडाखाली धपाधप आपटतात आणि नांगराची साखळी घासल्याची घरघर थेट केबिनमध्ये ऐकू येते. आम्हाला सवय आहे. पण दुपारी आडव्या झालेल्या नव्या माणसाला खाली काहीतरी फुटतंय असंच वाटणार.

शिवाय बाबांना चढवायचं कसं? जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, डिंगी (ने-आण करायची छोटी होडी) डुलते, आणि दोराच्या शिडीवर त्यांचा गुडघा वाकणार नाही. कुणी वयस्कर माणसांना असं बोटीवर ठेवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी पंचांग बघा, मग त्यांची तिकिटं काढा. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला माहीत असेलच : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. जयगडला ती थोडी अलीकडे धरायची. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आधी, म्हणजे खारा वारा धरतो तेव्हा सुकती सुरू झालेली असते. वर उधाण, त्यामुळे ओढही जबर. तुम्ही सांगताय तो त्रास हाच.

अष्टमीला उलट. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती पहाटे आणि संध्याकाळी. दुपारभर पाणी आत येत असतं, वाराही तिकडूनच. बोट तोंड समुद्राकडे करून सरळ उभी राहते, डुलणं पुष्कळ कमी. भांगाचं पाणी (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) असल्याने ओढही मंद. सुकती लागेपर्यंत सूर्य मावळून वारा पडलेला असतो. मी पाहुण्यांना अष्टमीच्या आगेमागेच बोलावतो.

साखळीला नायलॉनचा जाड दोर बांधून भार त्याच्यावर घ्या, घरघर बरीच कमी होईल. आणि साखळी भरपूर सोडा. भरतीला 5 मीटर पाणी असेल तर नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची धरून 6, त्याच्या सातपट म्हणजे 42 मीटर. शेजारच्या मच्छीमार बोटींपासून झोल्याला (बोट नांगराभोवती फिरायला) तेवढी जागा आहे का, ते आधी बघा.

प्रतिसाद

बाबांना डिंगीत बसवूच नका. सकाळी वारा नसताना बोटच जेटीला लावा, टायर बांधा, आणि डेक जेटीच्या बरोबरीला येईल ती वेळ धरा. जेटीवर विचारून ठेवा, मासळी उतरवायच्या वेळी गर्दी असते. लाइफ जॅकेट जेटीवरच घालायचं. हातात पिशवी नाही, मोबाइल नाही, दोन्ही हात मोकळे.

आईंना झोपायला बोटीच्या मधोमध जागा द्या, नाळेकडची केबिन नको. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू झाल्यावर उपयोगाची नाही, आधी घ्यावी लागते. त्याने गुंगी येते आणि या वयात तोल जायची भीती, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. आलेपाक मात्र बिनधास्त द्या.

एक गोष्ट पंचांगात दिसत नाही. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे शमाल वारे सुटले की मागाहून आपल्या किनाऱ्यावर वायव्येच्या लाटा येतात, इथे वारा नसला तरी. इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा रोज बघा आणि गावात एक खोली सांगून ठेवा. आईंनाही खोली आहे हे आधीच सांगा, माणूस निर्धास्त होतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! दुपारी सुकती आणि वारा समोरासमोर येतात हे बरेचदा बघत होते, पण तिथीशी जोडून कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीला रजा पुढे-मागे करायला आत्ताच फोन केला, ती तयार आहे. खोलीचंही आज बघते.

आता एवढंच सांगा. वायव्येच्या लाटा आल्याच तर जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या मार्गाच्या पलीकडे, खाडीत वर जाऊन नांगरायचा विचार आहे. आमच्या बोटीला 1.7 मीटर पाणी लागतं. भांगाच्या ओहोटीला तिथे तेवढं मिळतं का? गाळ सरकत असतो, त्यामुळे या पावसाळ्यानंतर कुणी गेलं असेल तर जरूर कळवा.