पॅसेजमधली खोकी

सेक्रेटरी पाटील: नमस्कार मंडळी. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर पुस्तकांची पाच खोकी चार दिवस पडून आहेत. लिफ्टचा माणूस उद्या सर्व्हिसिंगला यायचाय. कुणाचं नाव घेत नाही, पण ३०२ नं तेवढी हलवावीत.

कुलकर्णी काकू: नंबर घातलात की ओ, आता नाव कशाला घ्यायला पाहिजे! पावसाच्या आधी कपाट पुढं ओढून बघितलं तर मागच्या भिंतीला ओल. खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांना पांढरी बुरशी. आत ठेवू कुठं?

मोरे ए-१०४: काकू, रद्दीवाला खाली आलाय. वर पाठवू काय?

कुलकर्णी काकू: पाठवून बघ. मग चहाला वर येऊ नकोस.

नेहा ए-२०३: 😄 पाच खोकी? सगळी वाचलेली?

कुलकर्णी काकू: कुठली गं. दोन वाचलेली, तीन वाचायची राहिलेली. कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेलं की चार घ्यायची, मग उचगाव, मग येळ्ळूर. मंडपाबाहेर स्टॉल दिसला की पाय तिकडंच वळतात. गेल्या वर्षी एक घेऊन आले, कपाटात ठेवायला गेले तर तेच तिथं आधीच बसलेलं. दोन्ही कोरी.

जाधव सर: म्हणून मी कादंबऱ्या घेतच नाही. फक्त चरित्रं आणि गडकिल्ले. बाकीच्याला वेळ कुठंय?

मोरे ए-१०४: सर, तुम्ही रिटायर होऊन सहा वर्षं झाली.

जाधव सर: म्हणूनच. राहिलेला वेळ जपून वापरायलोय.

नेहा ए-२०३: माझा ढीग फोनमध्ये आहे. ऑडिओ. भांडी घासताना ऐकते. ते वाचन धरायचं का नाही?

कुलकर्णी काकू: न धरून कसं चालेल? आपल्या बेळगावात 'रावसाहेब' मला पाठ आहे म्हणणाऱ्या दहांना विचार, गणगोत उघडून वाचलंय का पुलंच्या आवाजात ऐकलंय. आठ जण खाली बघतील.

जाधव सर: पु. ल. इथं आरपीडी कॉलेजला शिकवायला होते.

मोरे ए-१०४: सर, हे तुम्ही दर गणपतीत सांगता.

सेक्रेटरी पाटील: खोकी.

हिरेमठ आंटी सी-१०१: काकू, तुमच्याकडं भैरप्पांचं 'पर्व' मराठीत आहे नव्हं? माझ्याकडं कन्नडातलं आहे. देता काय? दोन्ही शेजारी ठेवून बघायचं होतं.

कुलकर्णी काकू: आहे की. उमा कुलकर्णींनी केलेलं. त्या मूळच्या बेळगावच्याच. त्यांचे यजमान विरुपाक्ष कन्नड वाचून दाखवायचे, टेप करून ठेवायचे, आणि ते ऐकून ह्या मराठीत उतरवायच्या. एवढं जाडजूड पुस्तक कानानं ऐकून लिहिलंय! नेहा, बघ, तुझ्या भांड्यांच्या वेळेला मोठा आधार मिळाला.
माझंही तसंच आहे ओ आंटी. कन्नड कानाला सगळं कळतंय, अक्षरं मात्र बसच्या पाटीपुरती. तुम्ही रोज दोन पानं वाचून दाखवा, मी मराठीतलं पुढ्यात घेऊन बसते.

हिरेमठ आंटी सी-१०१: आय्तु! चारला येते. चहा मात्र साखर कमी.

वॉचमन: पाणी आलंय. मोटर चालू केलीय.

मोरे ए-१०४: चार दिवसांनी आलं एकदाचं. भरून घ्या.

नेहा ए-२०३: काकू, बुरशीचं काय केलं? माझ्या पण दोन-तीन पुस्तकांना वास यायलाय.

कुलकर्णी काकू: उन्हात टाकू नकोस. पानं पिवळी पडतात आणि बांधणीचा गोंद तडकतो. पंख्याखाली उभी करायची, पानं पंख्यासारखी पसरून. लई ओली असतील तर मधे मधे कोरा कागद. पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशनं बुरशी झाडायची, ती पण गॅलरीत, तोंडाला फडकं बांधून. एका पुस्तकात कसर निघाली, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाकलंय. आठवडाभर राहील. आमचे हे मटार काढायला गेले आणि हातात इतिहास आला.

जाधव सर: कुठल्या कालखंडाचा?

कुलकर्णी काकू: गोठलेल्या.

मोरे ए-१०४: 😂😂

नेहा ए-२०३: काकू, आमच्या चिरंजीवांना मराठी वाचायचा कंटाळा. शाळा इंग्रजी, त्यात कन्नड सक्तीचं, मराठीची पाळी शेवटी. काय देऊ?

कुलकर्णी काकू: देऊ नकोस, वाचून दाखव. प्रकाश संतांचं 'वनवास' घेऊन जा. इंदिरा संतांचा मुलगा तो, बेळगावातलाच. त्यातला लंपन आजी-आजोबांकडं राहायला आलेला पोर, बोलण्यात आपल्यासारखीच कन्नडाची फोडणी. पुण्याच्या नातवाला मे महिन्यात रोज रात्री थोडं थोडं वाचलं. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत झोपला. चौथ्या दिवशी मी झोपले तर मला हलवायला लागला. आता आमटीला सुद्धा "मॅडसारखी तिखट" म्हणतो. सूनबाई माझ्यावर खवळली आहे.

नेहा ए-२०३: आत्ता येऊ न्यायला?

कुलकर्णी काकू: ये, पण पहिल्या पानावर तारीख घालून सही करून न्यायचं. मागं एकांनी नेलेलं अजून यायचंय. नाव घेत नाही. सेक्रेटरींकडनं शिकले.

सेक्रेटरी पाटील: संध्याकाळचे सहा वाजले. खोकी हलली काय?

कुलकर्णी काकू: तीन आत घेतली. दोन तुमच्या घरी पोचवलीत. वहिनींनीच मागितली.

सेक्रेटरी पाटील: आमच्या घरी जागा कुठाय?

पाटील वहिनी: आपल्या दाराबाहेर ठेवलीत. लिफ्टवाल्याला परवा यायला सांगा.