विषय: लेखनातला अर्धा बँड आणि हातातले दहा आठवडे

सप्रेम नमस्कार,

माझी भाची पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करीत आहे. तिचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पुढे पदवीचा सगळा अभ्यास तिने इंग्रजी पुस्तकांवरून केला. तीन आठवड्यांपूर्वी तिने संगणकावर आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या चाचणीची अ‍ॅकॅडमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीची, परीक्षा दिली. श्रवणात ८, वाचनात ७.५, संभाषणात ६.५ आणि लेखनात ६ असे बँड, म्हणजे ९ पैकी गुण, मिळाले; एकूण ७. तिने निवडलेल्या विद्यापीठाला एकूण ७ पुरतात, परंतु कोणत्याही एका विभागात ६.५ च्या खाली चालत नाही, आणि तिथेच घोडे अडले आहे. अर्जाची मुदत दहा आठवड्यांवर आली आहे. पोरीने धीर सोडलेला नाही. शब्दसंग्रहाची दोन जाडजूड पुस्तके आणून ती रोज पन्नास शब्द पाठ करते आहे. ही दिशा योग्य आहे का, की आयईएलटीएस सोडून टोफेल ही इंग्रजीचीच दुसरी परीक्षा द्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आपला,
भाचीचा मामा

उत्तर

सप्रेम नमस्कार,

मी स्वतः मराठी माध्यमातून शिकून ही परीक्षा दिली आणि नंतर काही वर्षे मुलांची तयारी करून घेतली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शब्द पाठ करणे तिने आजच थांबवावे. लेखनाचे मूल्यमापन चार निकषांवर होते: विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर, मुद्द्यांची सुसंगत मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारही निकषांना सारखेच वजन आहे. वाचनात ७.५ मिळवणाऱ्या मुलीचा शब्दसाठा अपुरा असेल असे मला वाटत नाही. उलट पाठ केलेला भारदस्त शब्द चुकीच्या जागी बसला, की ज्या निकषासाठी एवढा आटापिटा केला त्यातच गुण जातात. बाकीच्या तीन निकषांत तिचे गुण कुठे गळतात ते शोधायला हवे, आणि त्यासाठी तिने घड्याळ लावून लिहिलेले दोन निबंध कुणीतरी बारकाईने वाचायला हवेत.

माझा पहिला संशय वेळेवर आहे. लेखनाला ६० मिनिटे असतात. पहिल्या प्रश्नात आलेखाचे, तक्त्याचे किंवा आकृतीचे किमान १५० शब्दांत वर्णन करायचे असते आणि दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो. निबंधाचे वजन वर्णनाच्या दुप्पट आहे, तरीही तो दुसऱ्या क्रमांकावर असल्यामुळे मुले आलेखात रमतात आणि निबंधाला अर्धा तासही उरत नाही. आलेखाला २० मिनिटे झाली की हात उचलायचा, हा नियम तिने सरावातही मोडू नये. शिवाय आलेखात जे दिसते तेवढेच लिहायचे असते. आकडा का वाढला याची कारणे तिथे कुणी विचारलेली नसतात.

दुसरी गोष्ट शाळेतल्या निबंधाची. सुरुवातीला सुविचार, मग विषयाची थोरवी आणि शेवटी आपले मत, या घडणीवर आपण वाढलो. माझ्या एका विद्यार्थ्याला सार्वजनिक वाहतूक मोफत असावी का, असा विषय सरावासाठी दिला होता. त्याचा पहिला परिच्छेद चाकाच्या शोधापासून सुरू झाला आणि मोफत असू नये हे त्याचे मत अगदी शेवटच्या ओळीत आले. भाषा चांगली होती, पण मधले दोन्ही परिच्छेद कोणत्या बाजूने बोलत आहेत ते वाचणाऱ्याला कळत नव्हते. शेवटची ओळ उचलून पहिल्या परिच्छेदात नेल्यावर त्याला स्वतःलाच कळले की दुसऱ्या परिच्छेदातली निम्मी वाक्ये त्या मताच्या विरोधात जातात. हा प्रयोग आपल्या भाचीने स्वतःच्या जुन्या निबंधावर करून पाहावा.

तिसरी गोष्ट व्याकरणाची, आणि ती मराठीतूनच येते. आपल्या भाषेत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ‘गव्हर्नमेंट शुड टेक डिसिजन’ हे वाक्य आपल्या कानाला खटकत नाही. तिथे ‘द गव्हर्नमेंट’ आणि ‘अ डिसिजन’ हवे. ‘विषयाबद्दल चर्चा’ मनात असते म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. ‘मी तीन वर्षांपासून शिकते आहे’ याचे ‘आय अ‍ॅम लर्निंग सिन्स थ्री इयर्स’ होते, जे ‘आय हॅव बीन लर्निंग फॉर थ्री इयर्स’ असायला हवे. अशा चुका एकाच वाचनात सापडत नाहीत. लिहिलेला निबंध दुसऱ्या दिवशी काढावा, एकदा फक्त उपपदांसाठी वाचावा, पुन्हा फक्त क्रियापदांसाठी, आणि सापडलेली प्रत्येक चूक वहीत दुरुस्तीसह उतरवावी. दोन आठवड्यांत तिला कळेल की तिच्या चुका पाच-सहाच जातींच्या आहेत.

टोफेलकडे वळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या परीक्षेचे स्वरूप जानेवारी २०२६ पासून बदलले असून गुण आता १ ते ६ या श्रेणीत मिळतात. नवे स्वरूप अंगवळणी पाडण्यात तिचे आठवडे जातील आणि लेखनातल्या चुका तशाच राहतील. त्याऐवजी आयईएलटीएसमध्ये एकच विभाग पुन्हा देण्याची सोय पाहावी. मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत ती वापरावी लागते, म्हणजे तिच्याकडे साडेपाच आठवडे आहेत. मात्र प्रत्येक विद्यापीठ असा निकाल स्वीकारतेच असे नाही. पैसे भरण्यापूर्वी प्रवेश विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे.

कळावे, लोभ असावा.

उत्तर

आदरणीय ताई,

आपले पत्र भाचीला वाचून दाखवले. विद्यापीठाने एका विभागाचा नवा निकाल स्वीकारत नसल्याचे कळवले आहे, त्यामुळे सातव्या आठवड्यात होणाऱ्या पूर्ण परीक्षेसाठी नोंदणी केली. काल तिने घड्याळ लावून लिहिले, तेव्हा आलेखालाच ३१ मिनिटे गेली, आणि निबंधात उपपदांच्या १४ चुका निघाल्या. आता तिला भीती वाटते ती अशी, की लेखन सुधारताना बाकीचे विभाग घसरतील.

आपला,
भाचीचा मामा

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तिची भीती रास्त आहे, पण ती संभाषणापुरतीच. तिथे तिचे ६.५ अगदी काठावर आहेत. ती मुलाखत ११ ते १४ मिनिटांची असते आणि मधल्या भागात एका मिनिटात विचार करून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे असते. आपण रोज तिला एक विषय द्यावा, बोलणे फोनवर रेकॉर्ड करावे आणि तिनेच ते ऐकावे. पाठ केलेले उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येते, म्हणून तोच विषय पुन्हा देऊ नये. उच्चार परदेशी वळणाचे करण्याची गरज नाही. फक्त ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ हे दोन्ही शब्द आपण एकाच ‘व’ने म्हणतो, तेवढ्याकडे लक्ष द्यावे.

वाचन आणि श्रवणासाठी आठवड्यातून एक पूर्ण सराव परीक्षा पुरेल. श्रवणात ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, त्यामुळे आकडे मनात मराठीत आणू नयेत. ‘एकोणऐंशी’चा हिशेब लावेपर्यंत पुढचे उत्तर निघून जाते.

आठवड्याला तिचे दोन निबंध मला पाठवावेत. मी चुकांखाली फक्त रेघ मारीन, दुरुस्ती तिने करायची. पहिला निबंध रविवारपर्यंत आला तर बरे होईल, आणि कालचा १४ चुकांचा निबंधही सोबत जोडावा.

कळावे, लोभ असावा.