माझदाचे रोटरी इंजिन हा निव्वळ हट्ट नव्हता
'रोटरी इंजिनाच्या (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरवर चालणाऱ्या इंजिनाच्या) हट्टाने माझदा या जपानी मोटार कंपनीला बुडवले' असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. १९६० च्या सुमारास जपान सरकार लहान मोटार कंपन्यांचे मोठ्यांत विलीनीकरण करण्याच्या विचारात होते आणि हिरोशिमाच्या या कंपनीला स्वतंत्र राहायचे असेल, तर इतर कोणाकडे नसलेले काहीतरी हाती असणे भाग होते. म्हणूनच तिने रोटरी इंजिनासाठी १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार केला. मिळालेले इंजिन मात्र सदोष होते, कारण त्रिकोणी रोटरच्या टोकांवरील सील (वायू गळू न देणाऱ्या पट्ट्या) इंजिनाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडत असत. माझदाचे अभियंते केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बनयुक्त सील घडवून तो प्रश्न सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी इंजिनाची गाडी बाजारात आली. माझ्या मते ही जिद्द जुनीच आहे: अणुबॉम्बनंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच कंपनीने तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू केले होते.

१९७३ च्या तेलसंकटात या इंजिनाची इंधनाची भूक कंपनीला महागात पडली, हे मान्यच आहे. परंतु १९९१ मध्ये फ्रान्समधील ल माँची २४ तासांची मोटार शर्यत जिंकणारी पहिली जपानी गाडी, माझदा ७८७बी, याच इंजिनावर धावली होती.