मल्हाररावांचा खटला: एक दुरुस्ती

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट (दरबारातला ब्रिटिश प्रतिनिधी) फेअरवर विषप्रयोग करवल्याचा आरोप होता. त्यावरच्या एका कादंबरीच्या परीक्षणात ‘आयोगाने मल्हाररावांना दोषी ठरवलं’ असं आलंय. तसं नाही. चौकशी आयोगात सहा सदस्य होते. तिघा इंग्रजांनी दोषी म्हटलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झाल्याचं मान्य नव्हतं. एप्रिल १८७५मध्ये मल्हाररावांची गादी गेली ती गैरकारभाराचं कारण दाखवून.

रहस्यकथेचा खरा ऐवज पेल्याच्या तळाशी आहे. ९ नोव्हेंबर १८७४ला रेसिडेंट फेअरने दोन-तीन घोट घेऊन सरबत ओतून दिलं. राहिलेल्या गाळात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. मारतो तो सोमल. हिऱ्याच्या पुडीचं विष ही नुसती समजूत, आणि कादंबरीकाराने नेमकी तीच खरी धरलीय! बडोद्याच्या वाचकाला हे खटकणारच.