लिलावातली डुक्कर फियाट: बोली लावू का नको? (आरटीओ आणि गंज दोन्हीबद्दल सल्ला पाहिजे)

मंगळवारपेठी
नमस्कार मंडळी. मुंबईच्या एका ऑनलाइन लिलावात डुक्कर फियाट (जुन्या फियाट ११०० मोटारीचं टोपणनाव) आलीय, मॉडेल १९५९ असं लिहिलंय, पुढची दारं उलटी उघडणारी, गियर स्टिअरिंगला, वरून क्रीम खालून मरून. अंदाजे किंमत ४ ते ६ लाख दाखवल्यात. नंबर एमवाय ने सुरू होतोय म्हणजे म्हैसूर राज्य होतं तेव्हाचा. मालक तिसरा, आरसी बुक आहे पण पासिंग संपून बरीच वर्षं झाल्यात असं खाली बारीक अक्षरात दिलंय. फोटोत गाडी एक नंबर दिसत्या.

माझं बजेट सगळं धरून ८ लाख, त्याच्यावर एक रुपया नाही, बायकोला शब्द दिलाय. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा सगळे सोनं लुटायला धावतात आणि मी लहानपणापासून गाडीकडंच बघत उभा असतोय, तर हे खूळ आजचं नाही. मला गाडी शोकेसमध्ये ठेवायची नाही, रविवारी जोतिबा, पन्हाळा, कधी रंकाळ्यावर चक्कर एवढंच. लिलावात कधी काही घेतलेलं नाही. फोटोवर बोली लावू का? एमएच ०९ ला (कोल्हापूर पासिंगला) गाडी करून घेता येईल का? आणि भाऊ म्हणतोय कशाला एवढे घालवतोस, सरकारी लिलावात ॲम्बेसेडर लाखाच्या आत मिळत्यात, ते खरं आहे का?

पाना_१०_११
भावा फोटो बघून घेऊ नको एवढंच पहिलं सांगतो. माझं उद्यमनगरात गॅरेज हाय, जुन्या गाड्या येतात, त्यातल्या निम्म्या फोटोत हिरोइन असत्यात.

लिलाववाले गाडी बघायला दिवस देतात, जायचं. जाताना चुंबक न्यायचं, पातळ रुमालात गुंडाळायचं म्हणजे रंगाला ओरखडा नको. दाराखालची पट्टी हाय की नाही, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, तिथनं सावकाश फिरवत जायचं, चुंबक धरतंय धरतंय आणि एका जागी गपकन सुटतंय, तिथं पत्रा नाही पुटी (रंगाखालचा भराव) हाय. मग डिकीतलं मॅट उचल, स्टेपनी बसते तो भाग बघ. पायाखालचं रबर उचल. पुढच्या चाकाच्या वर आतनं हात घाल, हेडलाइटच्या मागं चिखल साठून आतल्या आत खातंय, बाहेरनं काय दिसत नाही. आणि ह्या फियाटला जीपसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडीच चॅसी हाय, म्हणजे खालचा पत्रा गेला तर नुसतं डेंटिंग नाही, कणाच गेला समज. जॅक लावायची जागा बोटानं दाबून बघ, दबली तर तिथनंच घरला ये.

ताजा रंग मारलेली असली तर जास्त संशय घ्यायचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडंच किती गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या, नंतर त्यातल्या काय काय कुठं कुठं गेल्या कुणाला ठाऊक. डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून टॉर्च मार, वायरींच्या जुडग्यावर बारीक गाळ बसलेला दिसला की समजायचं.

इंजिनचं मात्र टेन्शन घेऊ नको. १०८९ सीसी, पुढं पद्मिनीला (नंतरच्या फियाटला) पण त्याच घराण्यातलं इंजिन आलं, मिस्त्री लोकांचा हात बसलाय त्याच्यावर. ब्लॉक बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, पितळी बुश टर्न करून घेणं ह्याला उद्यमनगरात चार पावलं चाललं की झालं, ऑइल इंजिनावर मोठं झालेलं गाव हाय हे. पण काच, क्रोमच्या पट्ट्या, दाराची हँडलं, मीटरची तबकडी, दाराचं बीडिंग हे बनवून मिळत नाही आणि मिळालं तर तसलं दिसत नाही. ह्यातलं काय काय जागेवर हाय ते एकेक मोजून ये.

शिक्का_आणि_सही
वरच्या मिस्त्रींनी पत्र्याचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. नोकरी त्याच खात्याच्या आसपास गेली त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी तुमच्या बंधूंची शंका. सरकारी लिलावातली ॲम्बेसेडर विसरा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द धरली जाते आणि त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रात जातात. ॲम्बेसेडरचं उत्पादनच २०१४ ला थांबलं, म्हणजे बहुतेक गाड्या १५ वर्षांच्या पुढे गेल्यात. स्वस्तात जे मिळेल ते बहुधा भंगार म्हणूनच मिळेल, रस्त्यावर आणता येणार नाही. ई-लिलावाच्या अटीत "जसे आहे जिथे आहे" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तक्रार करायला नंतर कुणाच्या दारात जायचं नाही.

आता फियाट. सरकारने किंवा सरकारतर्फे केलेल्या जाहीर लिलावातली गाडी नावावर करायला फॉर्म ३२ असतो, ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत द्यायचा, विक्रीच्या आदेशाच्या प्रतीसह. तुमचा लिलाव खाजगी कंपनीचा, तिथे तो चालत नाही. तिथे साधी विक्री धरतात, म्हणजे विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी कर्नाटकातली म्हणून तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८. खरी मेख इथे आहे. एवढ्या जुन्या गाडीची नोंद बऱ्याचदा सरकारच्या ऑनलाइन वाहन पोर्टलवर नसतेच, जाड रजिस्टरमध्ये असते, ती आधी मूळ आरटीओने ऑनलाइन चढवली पाहिजे, त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात, त्याशिवाय एनओसी निघणार नाही. हे काम बोली लावायच्या आधी विकणाऱ्याने करून दिलेलं असावं. हातोडा पडल्यावर बेळगाव-धारवाडच्या खेपा तुम्हाला घालाव्या लागतील आणि तिसरा मालक तोवर फोन उचलायचा बंद झालेला असेल. आणि आरसीवर जे नाव आहे तोच माणूस विकतोय का तेही विचारा, वारसांची गाडी असेल तर आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी.

पद्मिनीप्रेमी_पुणे
५० वर्षांच्या वर आहे म्हणजे सरळ व्हिंटेज नोंदणी करून टाका ना. जुलै २०२१ ला नियम आलेत, नवीन नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षं बघायला नको, व्हीए वाली नंबर प्लेट मिळते, काय रुबाब.

शिक्का_आणि_सही
@पद्मिनीप्रेमी_पुणे नियम बरोबर सांगितलात, ८१ए ते ८१जी. पण प्रश्न नीट वाचा. या गृहस्थांना रविवारी जोतिबाला जायचंय. व्हिंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. शिवाय चॅसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला नसावा ही अट आहेच. त्यांच्यासाठी साधी नोंदणी ठेवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करणं सोयीचं. त्याची फी मात्र वाढलीय, २० वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००, आणि मुदत टळून गेल्यावर दर महिन्याचा उशिराचा आकार वेगळा, पर्यावरण कर वेगळा. कायदा काही गाडी पळवू नका म्हणत नाही, तपासणीत पास झाली पाहिजे एवढंच म्हणतो.

पद्मिनीप्रेमी_पुणे
मान्य. पुण्यात आम्ही गाडी रॅलीलाच काढतो म्हणून तसं सुचलं, नेहमीच्या रस्त्यावर काढायची हिंमत इथल्या ट्रॅफिकमध्ये होत नाही.

पैशाचं मी सांगतो मग, ते कुणी बोललं नाही अजून. लिलावात शेवटची बोली म्हणजे तुमची किंमत नाही. त्याच्यावर खरेदीदाराचा प्रीमियम (लिलाववाल्याचं कमिशन) असतो, टक्के किती ते प्रत्येक लिलाववाल्याच्या अटीत लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. समजा १५ टक्के आहे आणि तुम्ही ५ लाखाला थांबलात. ७५,००० प्रीमियम, त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी १३,५००, झाले ५,८८,५००. गाडीवर वेगळा जीएसटी लागतो का तेही विचारा, विकणारा कोण आहे त्यावर असतं ते. मग मुंबईहून फ्लॅटबेडवर कोल्हापूर (कुणी कितीही सांगितलं "चालू कंडिशन, चालवत न्या" तरी हायवेला चालवत आणायची नाही, घाटात ब्रेक कसे आहेत ते घाटातच कळायला नको). मग टायर, ब्रेकची सगळी रबरं, रेडिएटर, वायरिंग. आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि जुन्या रबरी नळ्या पहिल्याच महिन्यात बदला, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं, गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे चेष्टा नाही. ८ लाख शेवटचे असतील तर मी ४.५ च्या वर जाणार नाही.

बोलीचं पण एक. ऑनलाइनमध्ये शेवटच्या मिनिटांत बोली आली की बहुतेक ठिकाणी वेळ आपोआप वाढते, म्हणजे "शेवटच्या सेकंदाला मारतो" हे चालत नाही. जास्तीत जास्त रक्कम आधीच टाकून ठेवता येते, ती टाका आणि लॅपटॉप बंद करून जेवायला बसा. समोर बसलात की समोरच्यापेक्षा फक्त दहा हजार जास्त, फक्त दहा हजार जास्त असं करत माणूस कुठे जाऊन पोचतो ते बायकोला दिलेला शब्द सुद्धा थांबवू शकत नाही.

तांबडा_पांढरा
मर्दा ८ लाखात नवीन गाडी येते एसी वाली 😂 ह्याला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, सीटबेल्ट नाही. पण आणलीस तर सांग, चक्कर मारायला पहिला मी. नाद खुळा.

मंगळवारपेठी
सगळ्यांचे लय आभार. @शिक्का_आणि_सही काकांनी कागदाचं सांगितल्यावर लिलाववाल्यांना मेल केली, आरसीचे फोटो आणि चॅसी नंबर, इंजिन नंबर कोरलेल्या जागेचे फोटो मागितले. दोन दिवसांनी पाठवले. चॅसी नंबर आरसीशी जुळतोय. पण इंजिन नंबर जुळत नाही, पूर्ण वेगळा आहे. विचारलं तर म्हणाले पूर्वीच्या मालकाने नंतरच्या मॉडेलचं इंजिन टाकलंय, "सेम कंपनी, सेम इंजिन, काही प्रॉब्लेम नाही". एनओसीबद्दल विचारलं तर "ते खरेदीदाराकडून होतं" एवढंच उत्तर. आता काय करू, विषय सोडून देऊ?

पाना_१०_११
इंजिन बदललंय ह्यात मिस्त्रीच्या बाजूनं काय वाईट नाही, नंतरच्याचं सामान मिळायला सोपंच. पण चॅसी नंबरचा फोटो झूम करून बघितलास का. नंबरच्या आजूबाजूचा पत्रा सपाट गुळगुळीत आणि आडव्या बारीक रेघा दिसल्या तर ग्राइंडर फिरवलाय. जुना कोरलेला नंबर बहुतेक वेळा सरळ रेषेत नसतोय, एखादा आकडा वर एखादा खाली, कारण हातानं ठोकलेला असतोय. लई सरळ, लई सुबक असला तर मला फोटो पाठव.

शिक्का_आणि_सही
सोडून द्या असं मी म्हणणार नाही, पण आता भाव तुम्ही ठरवायचा. इंजिन बदलाची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, त्यासाठी त्या इंजिनाचं बिल किंवा ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद लागतात. ते नसतील तर नवीन इंजिन कुठून आलं हा प्रश्न उद्या तुम्हाला विचारतील, आधीच्या मालकाला नाही. आणि व्हिंटेज नोंदणीचा पर्याय पुढे कधी घ्यावासा वाटला तर त्याच इंजिनावर बोट ठेवतील. त्यामुळे दोन गोष्टी लेखी मागा, इंजिनाचा कागद आणि एनओसी विकणारा काढून देईल असं पत्र. दोन्ही मिळाले तर पुणेकरांचा ४.५ चा आकडा ठीक. फक्त एनओसी मिळाली तर साडेतीन. एकही नाही मिळालं तर ती गाडी नाही, दिवाणखान्यात ठेवायची शोभेची वस्तू आहे, तेवढेच पैसे द्या.

पद्मिनीप्रेमी_पुणे
+१. आणि दुसरं म्हणजे डुक्करच पाहिजे का? मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, म्हणजे परवापरवापर्यंत रस्त्यावर होती, सामान आणि मिस्त्री दोन्ही अजून शिल्लक आहेत. खाजगी, एका हातातली, नव्वदच्या आसपासची पद्मिनी कोल्हापूर-सांगली पट्ट्यातच सापडेल, एमएच ०९ ची सापडली तर एनओसीची भानगडच नाही. लिलाव नाही, प्रीमियम नाही, मालकाच्या अंगणात बसून चहा घेत बोलणी.

मंगळवारपेठी
पद्मिनी पण आवडते पण उलट्या दाराची गोष्ट वेगळी हो. ठरवलंय असं की गुरुवारी महालक्ष्मीने मुंबईला जाणार, बरोबर गल्लीतले एक मिस्त्री येतायत, गाडी बघून येतो. दोन्ही कागदांची मेल टाकलीय, उत्तर आलं तर बोली, साडेचारला लॅपटॉप बंद. नाही आलं तर मुंबई बघून परत.

@पाना_१०_११ दादा, चुंबक कसलं नेऊ? घरात जुन्या स्पीकरचं मोठं आहे.

पाना_१०_११
स्पीकरचं नको, ते लई ताकदीचं असतंय, पुटीवरनं सुद्धा आतला पत्रा धरतंय आणि तू म्हणशील सगळं ओके. फ्रिजला लावायचं चपटं मऊ असतंय ना पोरांचं, ते ने.