मदत हवी आहे: केप बफेलोची शिकार, झिंबाब्वे की साउथ आफ्रिका? पहिल्यांदाच जातोय

दोडामार्गकर:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. शिकार म्हटलं की ज्यांचं डोकं फिरतं त्यांनी खुशाल शिव्या घाला, फक्त जमलं तर माहितीसकट घाला.

मी मूळचा दोडामार्गचा, गेली चौदा वर्षं टेक्सासात, सॅन अँटोनियोजवळ. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या लायसनची एकनळी होती, केळीत डुकरं शिरायची म्हणून. मला हात लावायची परवानगी नव्हती, रिकामी काडतुसं तेवढी गोळा करायची. इथे ग्रीन कार्ड झाल्यावर ऑफिसातल्या एकाच्या रांचवर जायला लागलो, आता आठेक वर्षं डुकरं आणि हरणं करतोय, बंदूक .३०८ (हरणं-डुकरांपुरती), बहुतेक बार बसून किंवा ब्लाइंडमधून (लपायच्या आडोशातून). म्हणजे चालत माग काढून केलेली शिकार जवळपास शून्य, हे आधीच कबूल करतो.

तर आता हा रांचवाला मित्र पुढच्या वर्षी आफ्रिकेत जातोय आणि त्याच्या जोडीदाराचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, त्यामुळे एक जागा रिकामी झालीय आणि तो माझ्या मागे लागलाय. दोन कोटेशनं आहेत. एक झिंबाब्वेत झांबेझी व्हॅलीतलं, १० दिवस, आम्ही दोघं मिळून एक पीएच (प्रोफेशनल हंटर, हा शब्द पुढे सारखा येईल), माणशी रोजचे ९५० डॉलर, वर रेड्याची (केप बफेलोला मी रेडाच म्हणणार) ट्रॉफी फी, म्हणजे जनावराचे पैसे, ५००० आणि हरारेहून छोट्या विमानाचं भाडं वेगळं, सगळं धरून विमानतिकीट आणि टिपा सोडून साडेसोळा हजाराच्या घरात जातं. दुसरं साउथ आफ्रिकेत लिम्पोपोतलं, ७ दिवस, सगळं मिळून ११ हजार, पण तो गेम रांच आहे, चहूबाजूंनी कुंपण. मोठं आहे म्हणतात, ९ हजार हेक्टर, तरी कुंपण ते कुंपण. तिथे रेडा मिळणार हे जवळपास नक्की, झिंबाब्वेवाला स्पष्ट म्हणाला की गॅरंटी नाही.

मला विचारायचंय ते असं की पहिल्या वेळेला कुठे जावं, माणूस खरा आहे की नुसता वेबसाइटवाला हे कसं ओळखायचं, आणि .३७५ (रेड्यासाठी लागणारी मोठी बंदूक) माझ्याकडे नाही तर विकत घेऊ की तिकडची भाड्याने वापरू. शिवाय त्यांनी लेपर्ड पण जोडता येईल म्हणून गाजर दाखवलंय. आणि एक खरं सांगू का, मला रेड्याची भीती वाटत नाही असं नाही, पण त्याहून जास्त भीती जखमी करून सोडण्याची वाटते. गावाला एक डुक्कर असंच जखमी होऊन करवंदीच्या जाळीत गेलं होतं, आजोबा आणि हाकाऱ्याची दोन माणसं दिवसभर शोधत होती, ते चेहरे अजून आठवतात. शुक्रवारपर्यंत निम्मे पैसे भरायचेत. बायको म्हणते तुझं तू बघ, आईला अजून सांगितलेलं नाही.

जोबर्गचा_बाब्या:

दोडामार्गकरा, वीस वर्षं इकडे जोहान्सबर्गला काढली, खाणीतली नोकरी, त्यामुळे दोस्त सगळे बंदूकवाले. बफेलोच्या तीन शिकारींना गेलोय, त्यातली पहिली कुंपणातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आटपली आणि उरलेले पाच दिवस मी बिअर पीत बसलो. वाईट नव्हतं पण सांगण्यासारखंही काही उरलं नाही. तुला खरं काय हवंय ते आधी ठरव. शिंगं हवी असतील तर लिम्पोपो, वॉटरबर्गकडे असेल तर मलेरिया पण नाही. रोज पहाटे पाणवठ्यावर ताजे ठसे बघून आठ-दहा किलोमीटर मागावर चालायचं असेल तर झांबेझी, आणि मग रिकाम्या हाताने परत यायची तयारी ठेव.

झिंबाब्वेचं पीएच लायसन या सगळ्या देशांत कडक मानतात. पोरं काही वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढतात, लेखी परीक्षा, वर जंगलात प्रॅक्टिकल, नापास होणारे भरपूर. तेव्हा पीएच कोण येणार त्याचं नाव आणि लायसन आत्ताच लेखी माग, नाहीतर वेबसाइटवर एकाचा फोटो आणि एअरपोर्टवर दुसराच पोऱ्या उभा. दुसरं, एरिया कोणाचा आणि कोटा (किती जनावरं मारायची परवानगी) कोणाच्या नावावर आहे ते विचार. चेवोरे, डांडे असं शिकारीच्या एरियाचं नाव सांगायला पाहिजे, नुसतं 'झांबेझी व्हॅली' म्हणजे काहीच नाही, शेजारचं माना पूल्स नॅशनल पार्क आहे, तिथे शिकारच नाही. आणि रेफरन्स मागशील तेव्हा मोठी शिंगं मिळालेल्यांचे नंबर घेऊ नकोस, ते सगळे गोडच बोलणार. ज्यांना काही मिळालं नाही अशा दोघांचे नंबर माग. देताना त्याचा आवाज बदलला तर समजून जा.

लेपर्ड विसर. ते वेगळंच प्रकरण आहे, चौदा दिवस, झाडाला बेट, म्हणजे आमिषाचं मांस, टांगायचं, लेपर्ड ते खायला येईस्तोवर मचाणासारख्या ब्लाइंडमध्ये श्वास धरून बसायचं. आणि ते साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या यादीत असल्यामुळे अमेरिकेत कातडं न्यायचं म्हणजे दोन्हीकडचे परवाने. रेडा साइट्समध्येच नाही, त्यामुळे कागद कमी, अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचं डिक्लरेशन आणि लाळ्या-खुरकुतीच्या भानगडीमुळे कवटी उकळून साफ, कातडं मीठ लावून नीट केलेलं पाहिजे, बाकी तिकडचा एजंट बघतो. घरी यायला कितीही महिने लागू शकतात. गावच्या ओटीवर शिंगं लावायचं डोक्यात असेल तर काढून टाक, भारतात वन्यप्राण्यांचे अवयव आणायला बंदी आहे.

बंदुकीचं म्हणशील तर भाड्याने घे. स्वतःची नेलीस तर निघायच्या आधी कस्टम्सचा ४४५७ फॉर्म, मग हरारेचे कागद, आणि जोबर्गला सामान ताब्यात घेऊन विमान बदलायचं असेल तर पोलिसांचा ५२० परमिट वेगळा. काडतुसं पाच किलोच्या आत, वेगळ्या कुलपाच्या डब्यात. पहिल्या ट्रिपला एवढा व्याप कशाला.

सह्याद्री_भटका:

मी शिव्यावाल्यांतला, पण माहितीसकट. कोल्हापुरात गवा शिरला की आम्ही चार दिवस त्याला सुखरूप परत न्यायला धडपडतो आणि इथे त्याच्या चुलतभावाला मारायला माणसं साडेसोळा हजार डॉलर देतात, कमाल आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे याला लगाम घातला आणि १९९१च्या दुरुस्तीने हे बंद केलं, केनियाने १९७७ मध्ये बंद केलं आणि त्यांचा टुरिझम बुडाला नाही. २०१५ साली झिंबाब्वेत ह्वांगे नॅशनल पार्कजवळ सेसिल सिंहाचं काय झालं ते विसरलात काय, गळ्यात संशोधकांची कॉलर असलेला प्राणी, पार्काबाहेर आला आणि शिकाऱ्याने मारला. राग येतो तो 'हे कॉन्झर्वेशन आहे' म्हणण्याचा. मजा म्हणून करताय तर मजा म्हणा ना.

जोबर्गचा_बाब्या:

भटक्या, शेवटचं वाक्य मान्य, मी मजा म्हणूनच गेलो. पण दुसरी बाजू पण बघ ना. झिंबाब्वेत १९८९ पासून कॅम्पफायर म्हणून योजना आहे, शिकारीच्या पैशातला वाटा तिथल्या रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिलला जातो. मधल्या मधे खाल्ला जातो ही तक्रार तिकडचे गाववालेच करतात, ते मी झाकत नाही. पण जिथे माश्या, मलेरिया, रस्ता नाही, तिथे फोटोवाले टुरिस्ट येत नाहीत, आणि कोणीच पैसे दिले नाहीत तर ती जमीन उद्या कपाशीखाली जाते. बोट्स्वानाने २०१४ ला बंदी घातली आणि २०१९ ला उठवली, आता कोण बरोबर ते तू ठरव. सेसिलच्या प्रकरणाला माझा पाठिंबा नाहीच.

मीनल_ह्यूस्टन:

मी नवऱ्याबरोबर ऑब्झर्व्हर म्हणून, म्हणजे नुसती बघायला, गेले होते झांबेझीला, जूनमध्ये. प्रॅक्टिकल सांगते. निळे आणि काळे कपडे अजिबात नेऊ नका, त्से त्से माशी त्याच रंगावर येते आणि जीन्सच्या वरून चावते. माझ्या एका नेव्ही ब्लू टीशर्टने ट्रॅकर लोकांची चांगली करमणूक केली. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून निघायच्या आधीच सुरू करा. सकाळी उघड्या गाडीत कडाक्याची थंडी आणि अकरा वाजता घाम, स्वेटर पाहिजेच. बूट घरीच चालून चालून मऊ करा. जेवणाचं मी घाबरून होते, पण आधी कळवलं तर ते भाज्या, बीन्स, अंडी सगळं करतात, लोणच्याची बाटली मात्र न्या, शेवटी कॅम्पचा कुकच माझ्याकडे ते मागायला लागला. विमानाने बाहेर काढायचा इन्शुरन्स काढाच, तिथून दवाखाना लांब आहे.

आता जे कुणी सांगत नाही ते. रेडा पडला की बऱ्याचदा शेवटी एक लांब हंबरडा फोडतो. पीएच लोक त्याचीच वाट बघतात कारण तो ऐकला की मेला हे कळतं, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. माझ्या अंगावर काटा आला आणि त्या रात्री मी झोपले नाही. नवऱ्याचा पहिला बार जरा मागे लागला होता, चाळीस मिनिटं थांबून मग मोपानीच्या झाडीत गेले, मला गाडीत बसवलं होतं. ती चाळीस मिनिटं मला आजही मोजता येतील. दुसऱ्या दिवशी मात्र गावातून बायका आल्या, आतडी-खुरांसकट सगळं गेलं, जमिनीवर रक्ताचा डाग तेवढा राहिला. मला दोन्ही आठवतं.

जोबर्गचा_बाब्या:

मीनलताईंनी मुद्द्याचं सांगितलं. दोडामार्गकरा, तुझा खरा प्रश्न जखमीचाच आहे. तिथला नियम असा की रक्ताचा थेंब पडला की फी लागू, रेडा सापडो न सापडो. म्हणून घाईचा बार नाही, आणि कळपात तर नाहीच, गोळी आरपार जाऊन मागच्याला लागली तर दोन रेड्यांचे पैसे आणि दोन पाठलाग. म्हणूनच पहिली गोळी बहुतेक जण सॉफ्ट (आत फुलणारी) घेतात, सॉलिड (न फुलता खोल जाणारी) नंतर. पुढच्या पायाची रेघ धरून वर जायचं, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबायचं, हरणासारखं खांद्याच्या मागे मारलंस तर फसलास. बार गेला की बघत बसायचं नाही, आधी बोल्ट ओढून पुढची गोळी भरायची. आणि म्हातारा बघ, कळपातून बाहेर पडलेला, चिखलाने माखलेला, त्यांना तिकडे डागा बॉय म्हणतात, डागा म्हणजे चिखलच. शिंगांची वरची ढाल पूर्ण टणक झालेली पाहिजे, मऊ असेल तर पीएच स्वतःच नाही म्हणेल, नाही म्हणाला नाही तर पीएच खराब.

आता सांग, तिकाटीवरून (बंदूक टेकवायच्या तीन काठ्या) उभ्याने किती बार काढलेस आयुष्यात?

दोडामार्गकर:

दादा, पकडलंत. काल रांचवर जाऊन बघितलं. बेंचवरून शंभर यार्डावर माझा ग्रुप दीड इंच (सगळ्या गोळ्या तेवढ्यात), मान ताठ. मग मित्राची शूटिंग स्टिक्सची तिकाटी घेतली, साठ यार्डावर पेपर प्लेट, उभ्याने पाच बार, तीन लागले. तेही .३०८ ने आणि समोर काहीही नसताना. घरी येताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

झिंबाब्वेवाल्याला फोन लावला. एरिया आणि पीएचचं नाव लगेच दिलं, रिकाम्या हाताने गेलेल्यांचे नंबर मागितले तर हसला आणि तीन दिले. एकाशी बोललो, म्हणाला दहा दिवसांत चार वेळा जवळ पोचलो, चारही वेळा वारा फिरला, तरी परत जाणार. मग पीएचशीच बोललो, विचारलं की माझ्याकडून जखमी झाला तर मला आत नेणार का? तो म्हणाला ते मी तुझा पहिला बार बघून तिथेच ठरवणार, आणि त्याआधी तिकाटीवरून मोठ्या बंदुकीने काढलेल्या वीस बारांचा व्हिडिओ पाठव, मग पैसे घ्यायचे का ते बोलू. लिम्पोपोवाल्याने असलं काही विचारलं नव्हतं, त्याने फक्त शिंगांच्या इंचाप्रमाणे रेटकार्ड पाठवलं.

शुक्रवारची मुदत मी सोडली. त्याने दोन महिने जागा धरून ठेवायचं कबूल केलंय, नाही जमलं तर मित्र एकटाच शिकार करेल आणि मी लोणचं घेऊन ऑब्झर्व्हर. भटक्या, तुझं मजा म्हणा वालं डोक्यात राहिलंय, उत्तर नाही देत आत्ता. लेपर्ड कॅन्सल. नेव्ही ब्लू टीशर्ट बाजूला काढले, निघाले अकरा.

तर आता शेवटची मदत. सॅन अँटोनियो, ऑस्टिनच्या आसपास कुणाकडे .३७५ आहे का, एक-दोन शनिवार हाताळायला मिळाली तर फार बरं होईल. काडतुसं माझी, रेंजची फी माझी, दुपारचं जेवण घरी, बायको कोंबडी-वडे करते.