बंधाऱ्यामागचा गाळ दरवर्षी उपसावा का? (व्हाळकाठ, कातळसडा, खाजणमळा ही इथे वाद घालणाऱ्यांची नावं.)

व्हाळकाठ: पाऊस सरला की कोकणातल्या व्हाळांवर (ओढ्यांवर) सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतात. फेब्रुवारी-मार्चला मागचं पाणी शेवाळाने हिरवं पडलं की दोष त्या वर्षीच्या खतावर जातो. पण निम्मा दोष तळातल्या जुन्या साठ्याचा. जांभ्याच्या मातीतलं लोह प्राणवायू असेपर्यंत स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवतं. पाणी थांबलं, पालापाचोळा कुजला, प्राणवायू संपला की लोह विरघळतं आणि स्फुरद मोकळं होऊन शेवाळाला खाद्य मिळतं. म्हणून मे महिन्यात व्हाळ आटला की गाळ काढायलाच हवा.

कातळसडा: साफ चूक. वाळू-गोटे फारसं काही धरत नाहीत, धरतो तो बारीक गाळच. तो खरवडलात तर जूनमध्ये शेतातून येणारं स्फुरद अडणार कुठे? शिवाय ॲल्युमिनियमला चिकटलेलं स्फुरद प्राणवायू संपला म्हणून सुटत नाही. नायट्रेटचं (नत्राच्या एका रूपाचं) तर उलटंच: कुजक्या गाळातले जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात.

आधी तपासा. ओला गाळ घ्या, वाळवू नका. वाळवला की त्यातले जिवाणू मरून त्यांचं स्फुरद बाहेर येतं आणि आकडा फुगतो. सहा बाटल्यांत कोरडं वजन 1-1 ग्रॅम भरेल इतका ओला गाळ, 25 मिली पाणी, आणि स्फुरद लिटरला 0 ते 2 मिलिग्रॅम असं चढत्या क्रमाने. 24 तास हलवा, गाळून मोजा. ज्या पातळीला गाळ घेतही नाही, देतही नाही, तो समतोल आकडा. व्हाळाच्या पाण्यात स्फुरद त्याहून जास्त असेल तर गाळ अजून शोषतोय, त्याला हात लावू नका.

व्हाळकाठ: बाटली हलवताना हवा मिसळते, त्यामुळे हा आकडा वाहत्या पाण्याचा झाला. मार्चमधल्या साचलेल्या पाण्याचा तळ तसा नसतो. काठावर तेलकट तवंग दिसला तर काठीने मोडून बघा. काचेसारखे तुकडे झाले तर ते लोह; तेल असेल तर पुन्हा जुळतं. लोह तळातून सुटतंय, तर त्याने धरलेलं स्फुरदही सुटतंय.

खाजणमळा: दोघंही खाडी विसरलात. भरतीचं पाणी पोचतं तिथे हिशेब बदलतो. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड होतं आणि ते लोहाला अडकवतं, मग स्फुरद धरायला लोह उरत नाही. मीठ अमोनियमलाही (तेही नत्राचंच रूप) गाळातून ढकलून बाहेर काढतं. काळा, कुजक्या अंड्यांचा वास येणारा गाळ शेतात अजिबात पसरू नका. खार तर येतेच, वर वाळल्यावर त्याचं आम्ल होतं.

कातळसडा: हे मान्य. गोड्या पाण्याचा गाळ उपसायचाच ठरला, तर तो वरकस (उताराच्या, पाणी न साचणाऱ्या) जमिनीत किंवा आंब्याच्या आळ्यात नको. तिथे लोह स्फुरद सोडत नाही, झाडाला फारसं काही मिळत नाही. चिखलणीपूर्वी भाताच्या खाचरात टाका. व्हाळात जी क्रिया पाणी बिघडवते, तीच साचल्या खाचरात भाताला स्फुरद मोकळं करून देते.

व्हाळकाठ: मग वरून खत फेकणंही थांबवा. युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (खत दाबून केलेल्या गोळ्या) भाताच्या चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचा, म्हणजे मुसळधार पावसात खत बांधावरून वाहून जाणार नाही. खत वरूनच फेकायचं असेल, तर निदान आठवडाभर खाचराचं पाणी व्हाळात सोडू नका.